नेट तुटते ते नेमके कोठे?

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची समजूत असावी. ‘मुलांचा खेळ रंगात आला असता घरातले नेट का तुटते’ हा विषय आम्ही सांगितला, तेव्हा ते प्रथम हसले आणि मग गंभीर झाले. गंभीर होण्याचे कारण मागाहून कळले. त्यांच्याही घरी रोज संध्याकाळी हाच तमाशा चालतो.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, हे आधीच सांगून टाकतो. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे शिक्षण शिरोलीच्या फौंड्र्यांच्या फाटकाबाहेर, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि करवीर नगर वाचन मंदिरात झाले. विजेचे वा संगणकाचे कोणतेही प्रमाणपत्र आमच्यापाशी नाही. परंतु गेली तीस वर्षे आम्ही एक काम सतत करीत आलो आहोत. कामगारावर ठेवलेले आरोपपत्र हातात घ्यायचे आणि विचारायचे की, हे घडले कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या यंत्रावर, आणि पाहिले कोणी? ज्या आरोपाला तारीख नाही, वेळ नाही, जागा नाही, तो चौकशीत उभा राहत नाही. एवढी एकच विद्या आम्हांला येते. घरचे नेट सुधारायला ती पुरी पडली. मात्र ती वापरण्याची आठवण आम्हांला फार उशिरा झाली आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच एका माणसाने मोजली. ते पुढे येईलच.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द, कारण ‘पोरांची टवाळकी ती, तुटली तर बरेच झाले’ असे म्हणणारे वडीलधारे येथे पुष्कळ असतील. आम्हीही त्यांतलेच होतो. आमचा मुलगा जो खेळ खेळतो त्यात चौघांचा एक संघ असतो. त्याचा संघ असा: तो आमच्या शिवाजी पेठेत, दुसरा इचलकरंजीत, तिसरा पुण्याला नोकरीत आणि चौथा गडहिंग्लजकडच्या खेड्यात. चौघे एकाच वेळी खेळात उतरतात, कानाला यंत्र लावून एकमेकांशी बोलतात आणि शेकडा माणसांतून शेवटपर्यंत टिकण्याचा प्रयत्न करतात. यांपैकी एकाचे नेट दहा सेकंद गेले की त्याचा गडी मैदानात पुतळ्यासारखा उभा राहतो आणि मारला जातो. बाकीचे तिघे त्याच्यामुळे हरतात. असे चार-पाच वेळा झाले की ते त्याला बोलावणे सोडून देतात. खासबागेच्या मैदानात एखाद्या पैलवानाला जोडच लावली नाही तर त्याला काय वाटेल, ते कोल्हापूरच्या माणसाला निराळे सांगायला नको. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, हे योग्यच झाले. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स या प्रकाराला खेळ म्हणून मान्यता दिली आहे, आणि २०२३ साली चीनमध्ये हांगचौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यासाठी पदकेही दिली गेली. तेव्हा टवाळकी हा शब्द जरा जपून वापरावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घराघरांत ऐकू येणारे पहिले वाक्य असे असते: ‘यूट्यूब तर चालतंय, मग तुझाच खेळ कसा अडकतो?’ या वाक्यातच निम्मे उत्तर आहे.

आपल्या घरावर पाण्याची टाकी असते. नगरपालिकेचे पाणी मध्ये अर्धा तास बंद झाले तरी स्वयंपाकघरातल्या नळाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण टाकी भरलेली असते. यूट्यूबचे तसेच आहे. चित्रपट दिसत असतानाच पुढचा अर्धा-एक मिनिटाचा भाग आधीच फोनमध्ये येऊन साठलेला असतो. मध्ये पाच सेकंद नेट गेले तरी तुम्ही साठ्यावर चालत असता. खेळाला टाकी बांधता येत नाही. प्रतिस्पर्धी पुढच्या क्षणी कोठे वळणार हे अजून घडलेलेच नसते, मग ते आधी साठवणार कसे? खेळ थेट नळाला तोंड लावून पाणी पितो. त्यामुळे नळ सेकंदभर जरी थबकला तरी ठसका लागतो.

दुसरी समजूत वेगाची. आम्हीही आधी पन्नास एमबीपीएसची योजना घेतली होती. ती शंभरची केली, पैसे वाढले, खेळ तुटायचा तसाच तुटत राहिला. हे एमबीपीएस म्हणजे नळाची जाडी. खेळाला जाड नळ लागतच नाही. त्याची ये-जा एका एमबीपीएसच्याही आत भागते. सरकारने २०२३ साली ब्रॉडबँडची व्याख्या किमान दोन एमबीपीएस अशी केली. खेळापुरते तेवढेही भरपूर आहे. खेळाला हवा असतो तो नियमितपणा. तुमच्या बोटाचा इशारा दूरच्या यंत्रापर्यंत जाऊन त्याचा जबाब परत येण्यास जो वेळ लागतो, त्याला मुले पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. पिंग चाळीस असेल आणि चाळीसच राहील तर खेळ उत्तम चालतो. तो घटकेत चाळीस, घटकेत तीनशे असा नाचू लागला, किंवा मधले काही निरोप वाटेतच हरवू लागले, की खेळ अडखळतो. म्हणून ज्यांची तक्रार खेळ तुटण्याची आहे त्यांनी महाग योजना घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. विकणारा तीच सुचवील, कारण विकण्यासारखे त्याच्यापाशी तेवढेच असते.

तर हा इशारा जातो कोणत्या वाटेने? फोनमधून तो हवेत निघतो, ज्याला आपण वायफाय म्हणतो. हवेतून राउटरच्या पेटीत येतो. पेटीतून काचेच्या तंतूत, म्हणजे फायबरमध्ये, प्रकाश होऊन शिरतो. खिडकीतून बाहेर पडून गल्लीतल्या खांबावरच्या डबीत जातो. तेथे बत्तीस किंवा चौसष्ट घरांचे तंतू एकाच तंतूला मिळालेले असतात. तेथून नेटवाल्याच्या कचेरीतल्या यंत्रात, तेथून पुण्या-मुंबईला आणि शेवटी खेळाचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरवर. साखळीला कड्या अनेक आणि तुटल्यावर दिसते एकच: फोनच्या पडद्यावर फिरणारे चक्र. कोणतीही कडी तुटली तरी चक्र तेच. म्हणूनच माणूस चुकतो. चक्र दिसले की हात आपोआप फोनकडे जातो आणि नेटवाल्यावर आग पाखडली जाते.

आम्ही हेच केले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान नेट एक-दोनदा जाऊ लागले. मुलगा ओरडे, ‘बाबा, गेलं बघा परत!’ आणि आम्ही नेटवाल्याला फोन लावू. त्याच्याकडचा एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा सायकलच्या चाकाएवढे वायरीचे भेंडोळे खांद्यावर टाकून आला. पहिल्याच खेपेस त्याने विचारले, ‘काका, नेट गेलं तवा पेटीवरचा दिवा लाल झालता, का समदंच दिवं विझल्यालं?’ आम्हांला ती टाळाटाळ वाटली. आम्ही म्हणालो, ‘दिवे मोजायला आम्ही पैसे भरत नाही, वायर बघ.’ त्याने वायर पाहिली, खांबावर चढून डबी उघडली, सगळे ठीक असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी पावणेआठला नेट पुन्हा गेले. असे तीनदा झाल्यावर आम्ही कचेरीत फोन करून, जरा आमच्या सभेतल्या आवाजात, सांगितले की तुमचा माणूस कामचुकार आहे. त्याची एका दिवसाची मजुरी कापली गेली, हे आम्हांला चौथ्या खेपेस त्याच्याच तोंडून कळले. तो चिडून बोलला नाही, सहज बोलला. रात्री आम्हांला झोप लागली नाही. ज्या आरोपाला तारीख नाही, वेळ नाही, जागा नाही, असा आरोप आम्हीच एका कामगारावर ठेवला होता आणि त्याची चौकशीही न होता शिक्षा झाली होती.

सकाळी उठून आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि राउटरशेजारी दोरीने टांगली. नियम केला: नेट गेले की घड्याळ पाहायचे, पेटीवरचे दिवे पाहायचे, घरात त्या वेळी काय चालले होते ते पाहायचे आणि लिहायचे. मुलाला हे फार जड गेले, कारण खेळ तुटल्यावर माणसाला लिहिण्याची नव्हे, काहीतरी फेकण्याची इच्छा होते. पण सहा दिवस नोंदी झाल्या. सातव्या दिवशी आम्ही वही उघडली. ‘७.४८, सगळे दिवे विझले, दोन मिनिटांनी आले.’ ‘८.०५, सगळे दिवे विझले.’ ‘७.५२, सगळे विझले, आई वाटण वाटत होती.’ ‘८.१०, मिक्सर चालू.’ ‘७.४०, मिक्सर.’

श्रोत्यांपैकी स्त्रियांच्या लक्षात आलेच असेल. पेटीवरचे सगळेच दिवे विझतात तेव्हा नेट गेलेले नसते, पेटीची वीज गेलेली असते. आमचा राउटर ज्या लांब बोर्डावर लावला होता, त्याच बोर्डावर स्वयंपाकघरातला मिक्सर होता. रश्शाचे वाटण वाटायला मिक्सर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो, बोर्डाची खाच सैल असल्याने त्या क्षणी दाब खाली येतो. राउटरचा अडॅप्टर चांगला असता तर तेवढा क्षण त्याने निभावून नेला असता. परंतु तो पाच वर्षांचा जुना, आतून सुकलेला. दाब उतरला की तो हात टेकी, पेटी बंद पडे आणि पुन्हा सुरू होऊन जागेवर यायला दोन मिनिटे घेई. खांबावरच्या वायरीचा, नेटवाल्याचा आणि त्या पोराचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. राउटर वेगळ्या खाचेवर लावला, नवा अडॅप्टर आणला. अडॅप्टर घेताना जुन्यावर जेवढे व्होल्ट लिहिले असतील तेवढेच घ्यावेत, अँपिअर मात्र कमी नसावेत, जास्त चालतील. संध्याकाळचे तुटणे त्या दिवशी थांबले. आम्ही नेटवाल्याच्या कचेरीत गेलो, आमची तक्रार चुकीची होती असे सहीनिशी लिहून दिले आणि कापलेली मजुरी परत मिळेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. या कामाची आम्हांला सवय आहे.

ज्यांच्या घरी वरचेवर वीज जाते त्यांना हेच निराळ्या रूपात दिसते. इन्व्हर्टर असला तरी वीज जाऊन तो लागेपर्यंतच्या क्षणात पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. केवळ राउटरपुरता बॅटरीचा छोटा डबा बाजारात मिळतो, तो बसवावा.

दिवे विझत नाहीत आणि तरीही खेळ अडकतो, तेव्हा तपास घरातल्या हवेकडे वळवावा. त्यासाठी एक कसोटी आहे आणि ती कोणालाही करता येते. घरात संगणक असेल तर त्याच्या काळ्या खिडकीत पिंग ही आज्ञा इंग्रजीत लिहून पुढे पत्ता द्यायचा. विंडोजमध्ये शेवटी आडवी रेघ आणि टी हे अक्षर जोडले की ती आज्ञा थांबवेपर्यंत चालू राहते. अशा दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडायच्या. एका खिडकीत राउटरचा पत्ता द्यायचा. तो पेटीच्या पोटावर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. दुसऱ्या खिडकीत बाहेरचा, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता. मग संगणक दर सेकंदाला दोघांनाही हाक मारतो आणि ओ यायला किती वेळ लागला ते लिहीत जातो. खेळ अडकला की या दोन खिडक्यांकडे पाहायचे. दोन्हीकडची ओ बंद झाली असेल तर दोष घरातच आहे. राउटरची ओ नीट येते आणि फक्त बाहेरची बंद पडते, तर दोष घराबाहेर. घर आणि गल्ली यांच्यात सीमारेषा आखणारी इतकी स्वस्त मोजणी दुसरी नाही. संगणक नसेल तर हेच काम करणारी मोफत अॅप फोनवर मिळतात.

आमच्याकडे मिक्सरचे प्रकरण मिटल्यावर ही कसोटी घेतली, तेव्हा राउटरचीच ओ मधूनमधून दोनशे मिलिसेकंदांनी येत होती. दहा पावलांवरच्या पेटीची ओ एवढ्या उशिरा का? पेठेतली घरे तुम्हांला ठाऊक आहेत. भिंतीला भिंत लागलेली, काही भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन हात जाडीच्या. वायफायच्या लहरींना दगड, पाणी आणि लोखंड यांचे वावडे आहे. आणि आम्ही राउटर ठेवला होता कोठे? दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटामागे, धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल घालून! त्याने लहरीही अडल्या आणि पेटीही तापली. ती उंचावर, उघड्यावर, खोल्यांच्या मध्यावर ठेवायला हवी. आम्ही ती देवघराच्या वरच्या फळीवर नेली. घरातून थोडा विरोध झाला, पण तो उदबत्तीच्या धुराच्या मुद्द्यावर होता आणि तो मुद्दा बरोबरच होता. शेवटी दाराच्या चौकटीवर जागा ठरली.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. वायफाय दोन वाटांनी चालते. जुनी २.४ गिगाहर्ट्झची वाट दूरवर जाते, भिंतीतूनही थोडी जाते. पण त्याच वाटेवर ब्लूटूथ, शेजारच्या वीस घरांचे राउटर आणि अन्न गरम करण्याचा मायक्रोवेव्हही असतो. मायक्रोवेव्हच्या लहरी जवळपास त्याच जातीच्या असून दारातून थोड्या बाहेर झिरपतात. तेवढ्याने माणसाला काही होत नाही, पण वायफायच्या बोलण्यात खरखर येते. या वाटेवर एकमेकांच्या अंगावर न येणारे पट्टे तीनच आहेत: एक, सहा आणि अकरा. नवी ५ गिगाहर्ट्झची वाट मोकळी आहे. पण ती भिंतीपुढे हरते. खेळणारा मुलगा राउटरच्याच खोलीत बसत असेल तर त्याने ती वापरावी. आणि संगणकावर खेळणाऱ्याने वायफायचा नाद सोडून राउटरपासून सरळ केबल टाकावी. दोनशे-तीनशे रुपयांच्या केबलीने जे साधते ते हजारांच्या राउटरने साधत नाही, असा आमचा अनुभव आहे.

घरातला तिसरा गुन्हेगार सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. वाटेवर कोठेही बिघाड नसतो, दिवे हिरवे असतात, आणि तरी रात्री दहाला पिंग पाचशेवर जातो. पाहता पाहता कळते की घरात कोणी तरी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवीत आहे, किंवा फोन आपण होऊनच दिवसभराचे फोटो दूरच्या साठ्यात पाठवीत आहे. घरातून बाहेर जाणारी वाट एकच आणि राउटर सगळ्यांना एका रांगेत उभे करतो. लग्नाच्या हजार पोत्यांमागे खेळाचे एक चिटोरे उभे राहिले तर त्याचा नंबर कधी लागणार? रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला हे पटकन समजेल. काही राउटरांत रांगेचा क्रम ठरवण्याची सोय असते, ती चालू करावी. नसल्यास फोटो चढवण्याची वेळ झोपेनंतरची ठेवावी. आमच्या घरी याबद्दल तडजोड झाली आहे: नऊ ते साडेदहा खेळाचे, नंतर लग्नाचे. तडजोड तोंडी असल्याने ती वरचेवर मोडते.

आता घर सोडून फार दूरचे टोक पाहू, म्हणजे मधला भाग शेवटी मोकळेपणाने सांगता येईल. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. कोल्हापूरहून मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर, जाऊन-येऊन साडेसातशे. निव्वळ प्रवासाला चार मिलिसेकंदही लागत नाहीत; वाटेतली यंत्रे आपापला हिशेब लावतात म्हणून प्रत्यक्षात त्याच्या काही पट लागतात. पण खेळाचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासून सरळ रेषेतच सुमारे चार हजार किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. म्हणजे चाळीस मिलिसेकंद निसर्गानेच कापून घेतले, आणि समुद्रतळाची केबल सरळ रेषेत जात नाही ते वेगळेच. म्हणून खेळ सुरू करताना सर्व्हर निवडण्याची सोय असेल तर जवळचा निवडावा. कधी सर्व्हरच बंद असतो. त्याची खूण अशी की घरचे नेट सोडून फोनच्या सिमवर खेळ लावला तरी तो तसाच अडकतो, आणि इचलकरंजीचा मित्रही त्याच मिनिटाला अडकलेला असतो.

आणि कधी तोडणारा हात निराळाच असतो. ७ जून २०२३ रोजी शहरात दंगा उसळला, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील इंटरनेट सरकारी आदेशाने बंद करण्यात आले. ते योग्य होते की अयोग्य, याची चर्चा येथे करीत नाही. परंतु जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात सांगितले आहे की असे आदेश बेमुदत असता कामा नयेत आणि ते प्रसिद्ध केले पाहिजेत. म्हणजे याही तुटण्याला तारीख, वेळ आणि कारण लागते, हे आमच्या मनासारखे झाले.

राहिली मधली कडी: आपली खिडक ते खांब. खरे तुटणे पावसाळ्यात येथेच होते आणि येथे आपल्याला हात घालता येत नाही. मात्र डोळे उघडे ठेवता येतात. फायबरच्या पेटीवर पीओएन असा एक दिवा असतो. तो हिरवा आणि स्थिर हवा. एलओएस असा दुसरा असतो. तो विझलेला हवा. हा लाल होऊन लुकलुकू लागला तर काचेतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही असे समजावे. तंतू कोठे चेमटला असेल, उंदराने कुरतडला असेल, जोडात पाणी गेले असेल किंवा वायर नुसती फार वाकली असेल. काचेच्या तंतूला तीव्र वळण चालत नाही, वळणावर प्रकाश बाहेर गळतो. घरात वायर खिळ्याला गुंडाळून ठेवण्याची आपली जी रीत आहे ती येथे सोडावी. आणि सुटलेल्या वायरीच्या तोंडात डोळा लावून प्रकाश येतो का ते कदापि पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

येणारा प्रकाश डीबीएम नावाच्या मापात मोजतात आणि तो आकडा उणे असतो. उणे पंधरा ते उणे पंचवीस ठीक. उणे सत्तावीसच्या खाली गेला की पेटी चाचपडू लागते. दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवले की आकड्यातला लहान फरक लहान वाटत नाही. नेटवाल्याचा माणूस आला की त्याच्याजवळच्या मापकावर काय दिसले ते विचारावे आणि वहीत लिहावे.

गेल्या जुलैत आमच्याकडे लाल दिवा आला. या वेळी आम्ही फोनवर जे बोललो ते वहीतून वाचून: ‘रविवार, रात्री ९.१२ आणि ९.३१. दोन्ही वेळा वारा. पीओएन दिवा गेला, एलओएस लाल. राउटरची ओ येते, बाहेरची येत नाही. अडॅप्टर नवा आहे.’ पलीकडच्या बाईंनी मध्ये एकदाही अडवले नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घेतला. हा क्रमांक प्रत्येकाने घ्यावाच. ट्राय ही सरकारी नियामक संस्था एकेका ग्राहकाची तक्रार हाती घेत नाही, आधी कंपनीकडे, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे लागते, आणि क्रमांकावाचून अपील पुढे सरकत नाही. ग्राहक आयोगाचे दार त्यानंतरही उघडे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पोरगा आला. वही मागून घेतली, दोन ओळी वाचल्या आणि खांबाकडे न जाता सरळ मागच्या पत्र्याकडे गेला. पत्र्याच्या कडेवर वायर काटकोनात वाकली होती आणि वारा आला की आणखी दाबली जात होती. मापकावर उणे अठ्ठावीस होते. त्याने वळण मोकळे करून वायर गोल फिरवून बांधली; आकडा उणे एकोणीसवर आला, म्हणजे आठपट प्रकाश. सगळे काम वीस मिनिटांत आटोपले. चहा घेताना आम्ही त्याला विचारले की, तू विजेच्या खांबावर नुसत्या चपलेवर कसा चढतोस? तो म्हणाला, ‘सगळीच चढत्यात की काका.’

त्यावर आम्ही त्याच्या आणखी सहा-सात सोबत्यांना गाठले आणि कचेरीला अर्ज दिला: डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टा, विजेच्या खांबावर काम करण्यापूर्वी वीज बंद असल्याची खात्री. अर्जाला तारीख घातली, खांबांच्या जागा घातल्या, आणि कोण केव्हा घसरले तेही वेळेसह घातले. हेल्मेटे आली आहेत. पट्टे अजून यायचे आहेत.